साडूंच्या चोवीस वाट्या

देवानं माणसं घडवताना प्रत्येकाच्या अंगात चिमूटभर विश्वास घातला असेल, तर आमच्या साडूंची पाळी आली तेव्हा डबा नक्कीच रिकामा झाला होता. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुक्काम शिवाजी पेठ, कोल्हापूर. सारी हयात लेथ मशीनवर लोखंड कातण्यात गेली. निदान त्या लोखंडावर तरी विश्वास असेल म्हणावं, तर तोही नाही. कारखान्यात आलेला प्रत्येक गज ते आधी वाजवून, मग मोजून आणि शेवटी हुंगून घ्यायचे. हुंगून काय कळतं, असं मी एकदा विचारलं. "कळत काय न्हाय," ते म्हणाले, "पण देणाऱ्याला वाटतंय की ह्याला कळतंय!" मंडईत जाताना ते पिशवीत स्वतःचं एक किलोचं वजन न्यायचे, तेही स्वतःच्या लेथवर स्वतःच्या हातानं कातलेलं. भाजीवाली आधी चिडायची, मग हसायची. शेवटी एक दिवस तिनंच विचारलं, "काका, तुमचं वजन बरोबर हाय ह्ये कशावरनं?" त्या दिवशी साडू भाजी न घेता परत आले आणि आठवडाभर त्या वजनाकडंच संशयानं बघत बसले.

घराला कुलूप लावणं हा त्यांच्याकडं सोहळाच असे. आधी कुलूप लावायचं, त्याला लोंबकळायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं, परत यायचं आणि पुन्हा लोंबकळायचं. बरोबर मी असलो तर मला लोंबकळायला लावत, आणि मी लोंबकळलो की "तुमचं वजन कमी हाय" म्हणून पुन्हा स्वतः. या कुलपापायी आमची दोन्ही कुटुंबं किती लग्नांत अक्षता पडून गेल्यावर पोचली, ते आमच्या बायकांनाच विचारावं. खानावळीत तांबडा रस्सा पुढ्यात आला की मालकाला विचारणार, "तुमी जेवलासा का हितंच?" तो हो म्हणाला तरच हात ताटात. आणि या सगळ्या अविश्वासातला सिंहाचा वाटा माझ्या पदरात, कारण मी बँकेत नोकरी केलेला. "पावणं, तुमी मानूस चांगलं," असं ते मला तोंडावर सांगत, "पण तुमच्या हातात शिक्का हुता!"

अशा माणसाला कुणीतरी तालमीच्या कट्ट्यावर बिटकॉइन समजावून सांगितलं. ह्यात बँक नाही, मॅनेजर नाही, मध्ये कुणीच नाही, किल्ली आपल्यापाशी. साडूंना एवढं पुरे झालं. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी लेथ विकली होती, आणि त्या पैशांतला बराचसा भाग त्यांनी तिकडं वळवला. मी कपाळावर हात मारला. "अहो साडू, हे आज वर, उद्या खाली. कशाला नसता उपद्व्याप?" तर म्हणाले, "खाली गेलं तर बाजारानं जाईल, मानसानं न्हाय." मग आवाज उतरवून म्हणाले, "तिच्यासाठी ठेवलंय ओ. माझ्या माघारी तिला कुणापुढं हात पसरायला लागू ने." ती म्हणजे अक्का, माझी थोरली मेहुणी. "मग अक्कांना सांगितलंत का?" असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी त्यांच्या दाराचं कुलूप काढून टाकायला सांगितलं होतं.

तर ही किल्ली ठेवायचं पेनड्राइव्हएवढं यंत्र त्यांनी मागवलं आणि ते सुरू करायला माझ्या घरी आले, कारण लॅपटॉप माझ्याकडं. आल्या आल्या त्यांनी खिडक्या लावल्या आणि माझा मोबाइल उचलून फ्रीजमध्ये ठेवला. मग खिशातून व्हर्निअर कॅलिपर काढून यंत्राची लांबी-रुंदी माहितीपत्रकाशी ताडून बघितली. सॉफ्टवेअर उतरवून घेताना मी कंपनीचा पत्ता टाइप करत होतो आणि ते खांद्यावरून एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होते. ते बरोबरच होतं म्हणा. जाहिरातीवर बोट ठेवून भलत्याच साइटवर गेलेले लोक पुढं कपाळ बडवत बसतात. सॉफ्टवेअरनं यंत्र तपासून ते अस्सल असल्याचा निर्वाळा दिला, तर साडू म्हणाले, "ह्येचीच मानसं ह्येला खरं म्हनत्यात. ह्यात काय खरं?" पण पुस्तिका वाचत गेले तसा त्यांचा चेहरा उजळत गेला. पिन कुणाला सांगू नका. पैसे पाठवताना लॅपटॉपवरच्या पत्त्यावर विसंबू नका, यंत्राच्या पडद्यावरचा पत्ता स्वतः ताडून बघा. आधी थोडेच पाठवून खात्री करा. कंपनीचा माणूस म्हणून कुणी फोन केला तरी दाद देऊ नका. साडूंनी ती पुस्तिका मिटून कपाळाला लावली. आयुष्यभर ते जे बोलत होते, ते कुणीतरी पहिल्यांदाच छापलं होतं.

मग आले चोवीस शब्द. यंत्र पडद्यावर एकेक करून चोवीस इंग्रजी शब्द दाखवतं आणि ते क्रमानं उतरवून ठेवायचे असतात. मी साडूंना सांगितलं, "याचा फोटो काढायचा नाही, लॅपटॉपवर टाइप करायचे नाहीत. यंत्र हरवलं तर दुसरं आणून हेच शब्द त्यात घातले की सगळं परत मिळतं. आणि हे शब्द दुसऱ्याला मिळाले तर सगळं त्याला मिळतं."

"आनि शब्दच हरवलं तर?"

"मग यंत्र जपायचं. दोन्ही गेलं तर अंबाबाईला जाऊन यायचं."

एवढं बोलल्यावर माझी रवानगी भिंतीकडं तोंड करून झाली. समोर कॅलेंडर होतं. साडूंचे शब्द उतरवून होईपर्यंत बाराही राशींचं भविष्य मला पाठ झालं.

पुढचा पराक्रम मला मागाहून कळला. कागद जळतो, भिजतो, त्याला कसर लागते, म्हणून साडूंनी शब्द स्टीलवर घालायचं ठरवलं. आणि आपल्याकडं स्टीलवर अक्षरं घालायची म्हटली की माणूस जातो कुठं? भांड्यांच्या दुकानात! तिथं लग्नाच्या भांड्यांवर नावं घालणारा बसलेला असतोच. साडूंनी चोवीस वाट्या घेतल्या आणि चार वेगवेगळ्या दुकानांतून त्यांच्या बुडाशी शब्द घालून आणले, म्हणजे सगळे शब्द कुठल्याच एकाला कळायला नकोत. वर आणखी शहाणपण म्हणजे शब्दांचं मराठी केलं. "चोर इंग्लिश शिकल्याला असतोय," हे त्यामागचं शास्त्र. बुडाशी आधी नंबर आणि मग शब्द: कुस्ती, म्हैस, साखर, कांदा. नाव घालणाऱ्यानं हातातलं मशीन थांबवून विचारलं, "पावणं, कांदा ह्ये कुणाचं नाव?" "हाय आमच्यात एक," साडू म्हणाले. वाट्या ट्रंकेत गेल्या. अक्कांना ताकीद मिळाली, की ह्या आहेराच्या हायत, हात लावायचा न्हाय.

मध्ये एकदा खरोखरच एका भामट्याचा फोन आला. तुमचं खातं तपासायचंय, चोवीस शब्द सांगा म्हणाला. "सांगतो की, लिवून घ्या," असं म्हणून साडूंनी त्याला चोवीस शुद्ध कोल्हापुरी शब्द ऐकवले, एकाहून एक निवडक, आणि वर "आता वाचून दाखवा" म्हणाले. पेठेत हा किस्सा अजून सांगतात.

पण जगावरचा संशय पुरेना तेव्हा साडू स्वतःवर घसरले. पिन कुणीतरी बघितला असेल म्हणून ते दर अमावस्येला तो बदलायला लागले. व्हायचं तेच झालं. एक दिवस नवा कुठला आणि जुना कुठला याचा घोळ झाला, लागोपाठ तीनदा चुकीचा पिन गेला आणि यंत्रानं शिस्तीत स्वतःला पुसून कोरं केलं. ते असंच करायला बांधलेलं असतं. साडू यंत्र टॉवेलात गुंडाळून माझ्याकडं आले. "पावणं, ह्यो मेला." मी हसलो. म्हटलं, "शब्द आहेत ना? मग कशाला घाबरता? चला." माझा लॅपटॉप घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो, ट्रंक ओढली, वाट्या जमिनीवर ओळीनं मांडल्या. एक, दोन करत साडू सोळावर आले आणि थांबले. पुढं अठरा होता.

मी साडूंना चिडलेलं शेकडो वेळा बघितलंय, पण घाबरलेलं कधीच नव्हतं. त्यांनी ट्रंक उपडी करून झटकली. तेवढ्यात अक्का स्वयंपाकघरातून आल्या. "काय शोधतायसा? वाटी व्हय? गौरीच्या जेवणाला कमी पडल्या म्हनून चार काढलत्या. एक चाचीकडं गेली खीर घालून."

"आहेराच्या हायत म्हनून सांगिटलं न्हवतं?"

"अवो, वाटीला काय हुतंय? शेजारी गोड द्यायचं न्हाय व्हय?"

"त्या वाटीत तुजं म्हातारपण हुतं गं!" साडू ओरडले.

"माजं म्हातारपण? खिरीच्या वाटीत?" अक्का माझ्याकडं बघायला लागल्या.

शेजारच्या चाची म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा आणि सणाला इकडून गोडधोड, हे दोघींच्या सासवांच्या वेळेपासून चालू. आम्ही दारात गेलो तर म्हणाल्या, "ती वाटी? ती मी तवाच पोचती केली की. बुडाला विश्वास लिवल्यालं. म्हटलं, अक्काच्यात विश्वास कोण न्हाय, दूधवाल्या विश्वासची चुकून आली असंल. रिकामी कशी द्यायची, म्हनून शेवया घालून दिली."

मी साडूंची बाही ओढली. "अहो, शब्द कळला! विश्वास! वाटी गेली खड्ड्यात, चला घरी." पण ऐकतील तर ते साडू कसले? "चाचीनं बरोबर वाचलं ह्ये कशावरनं?" असं म्हणत ते दुखऱ्या गुडघ्यांनी निघालेच. आणि मग ज्याला जन्मात विश्वास ठाऊक नव्हता तो माणूस साऱ्या पेठेत विचारत सुटला, "विश्वास कुठं हाय? विश्वास बघितला का कुणी?" लोकही सरळ उत्तरं देत होते. "आत्ता तर हितंच हुता." "तुमच्याकडं कशाला येतोय, काका!" शेवटी विश्वास गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर सापडला. म्हशीखाली बसून धार काढत होता, आणि सडाला लावायचं तेल त्याच्या शेजारी त्याच वाटीत होतं. साडूंनी तेल त्याच्या दुसऱ्या भांड्यात ओतलं, बूड धोतरानं पुसलं आणि वाचलं. सतरा, विश्वास. "नाव तर माझंच हाय की ओ," तो बिचारा म्हणाला, "पर सतरा कशाचं?" त्यानं आम्हांला ताजं दूध दिलं. पाणी घातलंय का, असं न विचारता साडू ते एका दमात प्याले. मी चाट पडलो.

साडूंच्या घरी येऊन शब्द यंत्रात घालायला बसलो आणि नवंच लचांड. म्हशीला इंग्रजी म्हैस एकच आहे, पण विश्वासाला तीन, आणि तिन्ही त्या यंत्राच्या ठरलेल्या शब्दांच्या यादीत. त्यातला आपला कुठला, हे साडूंना आठवेना. "मला वाटलं हुतं, विश्वास म्हंजे विश्वास," ते केविलवाणेपणानं म्हणाले. पहिल्यांदा फेथ घातला. यंत्र नाही म्हणालं. त्या इवल्या बटणांवर सगळे शब्द पुन्हा घालायचे, म्हणजे मरणच. मग बिलीव्ह. तरी नाही. तिसऱ्यांदा साडूंनी यंत्र माझ्या हातात दिलं. "तुमी घाला," म्हणाले. मी भिंतीकडं वळलो नाही आणि त्यांनीही वळवलं नाही. चहा घेऊन अक्का मागं उभ्या होत्या, त्यांनाही जा म्हटलं नाही. मी वाट्या उलट्या करून एकेक वाचत गेलो, सतराव्या वाटीला ट्रस्ट घातला आणि शेवटचा शब्द दाबला. यंत्र उघडलं. लॅपटॉपवर लेथची सगळी पुंजी जशीच्या तशी दिसायला लागली. साडू लहान पोरासारखे रडले. मलाही राहवलं नाही, खोटं कशाला बोलू?

आता हे शब्द पेठभर फिरून आले होते, म्हणून मी सगळं नव्यानं करायला लावलं. यंत्र पुसून नवे चोवीस शब्द घेतले, ते एकदा परत घालून खात्री केली, आणि मगच जुने शब्द शेवटचे घालून पैसे नव्या पत्त्यावर हलवले. नवे शब्द उतरवायच्या वेळी मी सवयीनं भिंतीकडं वळलो, तर पाठीमागून आवाज आला, "अगं, हिकडं ये. पेन घे. मी सांगतो तसं लिव." शाळा सुटल्यापासून इंग्रजी न लिहिलेल्या अक्का एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत लिहीत होत्या आणि साडू त्यांना न रागावता स्पेलिंग सांगत होते. तो कागद अक्कांपाशीच राहिला. निघताना अक्का जिन्यात हळूच म्हणाल्या, "त्या पैशाचं मला काय कळत न्हाय, दाजी. पण एवढ्या वर्षांत ह्येनी मला पहिल्यांदाच काय तरी सांगितलं."

या गोष्टीलाही आता बरेच दिवस झाले. जुन्या वाट्या ट्रंकेतून निघून रोजच्या वापरात आल्या आहेत. मला हमखास म्हैस मिळते. साडूंना सतरा नंबरच लागते. त्यांना अलीकडं विसर पडायला लागलाय. किलोचं वजन देव्हाऱ्यात सापडतं, आणि मला कधी कधी ते माझ्या थोरल्या मेव्हण्याच्या नावानं हाक मारतात. परवा जेवायला गेलो होतो. जेवण झाल्यावर साडू सोप्यात आडवे झाले आणि डोळे मिटता मिटता एकदम दचकून म्हणाले, "ते हाय न्हवं गं?" आतून भांडी घासता घासता अक्का म्हणाल्या, "हाय की. माझ्यापाशी हाय." साडूंनी कूस बदलली आणि दोन मिनिटांत घोरायला लागले. मी चपला घातल्या आणि जुन्या सवयीनं दार घट्ट ओढून घ्यायला गेलो.

"ऱ्हाऊ दे उघडं, दाजी," अक्का म्हणाल्या. "झोपल्यात ते."