पाचही आगीचे

आमच्या घराण्यात बी.एस्सी. झालेला मी पहिला. हे मी आजही छाती काढून सांगतो. लाज वाटते ती मोबाइलवरच्या एका गेमची.

त्यात पाच लढवय्यांची टोळी करायची. कोणी आगीचा, कोणी पाण्याचा, मातीचा, वाऱ्याचा. आग वाऱ्याला हरवते, वारा मातीला, माती पाण्याला, आणि पाणी आगीला. आगीवाल्यांचा मारा सगळ्यात जबर, म्हणून माझे पाचही आगीचेच. शेवटच्या मजल्यावर आधी वाऱ्याचे राक्षस येत, मग मातीचे, शेवटी पाण्याचे. तिथं माझे पाचही विझत. लाखनीच्या कॉलेजातले दोन मित्रही त्याच मजल्यावर अडकले होते. आधी कोण पार होतो, अशी आमच्यात चढाओढ.

त्या रविवारी दुपारी सपरीत, घरापुढच्या पडवीत, बसून खेळत होतो. शेजारी आई तांदूळ निवडत होती. ती चौथीपर्यंत शिकलेली. पण मी खेळायला लागलो की हात थांबवून बघायची, हा कोण, तो कोण विचारायची.

"काहून रे, तेच ते पाच पाठवून राहिला? पुन्हा मेले ना."

"ताकद जास्त आहे त्यायची. तुले काय समजते त्यातलं?"

"असन ताकद. पण वावरातल्या सगळ्या बांध्यांत एकच धान टाकते का कोणी? उंच बांधीत लवकर निघणारं हलकं टाकतो, खोल बांधीत उशिरा निघणारं भारी. पाणी कमी येवो का जास्त, एखादी तरी पिकते. तो मातीवाला कायले बसवून ठेवला?"

"अवं आई, हे वावर नोहोय."

ती चहा मांडायला आत गेली. ती गेल्यावर मी तीन आगीचे काढले. दोन मातीचे घेतले, एक वाऱ्याचा. आगीनं वारा आवरला, वाऱ्यानं माती, मातीनं पाणी. मजला पार.

तेवढ्यात दोघं मित्र आले. एकानं फोन हातात घेऊन पाहिला.

"अबे, कसा काय केला बे?"

"गणित मांडून. बी.एस्सी. काय फुकट झालो का?"

मान वर केली तर आई चहाचे कप घेऊन दारात.

"काकू, पोरगा लय हुशार आहे तुमचा."

"हो बाप्पा," ती म्हणाली, "शिकलेला आहे तो." कप ठेवले, आत गेली. मी तेव्हा बोलू शकलो असतो. बशीत चहा ओतून फुंकत बसलो.

काही दिवसांनी गेममध्ये नवा मजला आला. त्या रविवारपासून आई शेजारी बसली तरी फोनकडे बघत नव्हती. मी मुद्दाम तिच्यापुढे धरला.

"आई, इथं कोणाले पाठवू?"

"मले काय समजते त्यातलं?"

आवाजात राग नव्हता. तांदळातले खडे वेचता वेचताच म्हणाली. ती युक्ती कोणाची, हे मित्रांना मी अजूनही सांगितलेलं नाही.