अक्कांच्या पोटाचे टाके

दीपनगर कॉलनीत आमच्या शेजारच्या अक्कांच्या घरातून उपाशी बाहेर पडलेला माणूस आजवर कुणी पाहिलेला नाही. मीटर बघायला आलेल्या माणसालाही त्या आधी भरीत-भाकरी वाढत आणि मग मीटर दाखवत. पाहुण्याला एकट्याने जेवावं लागू नये म्हणून स्वतःही ताट घेऊन बसत, आणि पाहुणे तर दिवसभर येत. वाढत्या वजनाचा दोष मात्र त्या भुसावळच्या हवेला देत.

पुढे गुडघे कुरकुरू लागले. साक्रीकडच्या डोंगरातल्या एका गावात त्यांची थोरली बहीण राहते. घराची शेवटची चढण पायीच चढावी लागते. ती अक्कांना जमेना आणि म्हाताऱ्या बहिणीला खाली उतरवेना. दोघींचं फोनवर बोलणं व्हायचं. फोन ठेवला की अक्का काही कारण नसताना तळण काढायच्या.

अशात त्यांच्या कानावर आलं, की शहरातल्या एका दवाखान्यात लठ्ठपणावर नवा उपचार तपासून पाहताहेत. तोंडावाटे दुर्बीण आत सोडायची आणि जठराला आतूनच टाके घालून ते लहान करायचं. पोटावर चिरा नाही. त्यांचे यजमान, नाना, ऐकूनच घाबरले. अक्का तरीही गेल्या. उपचार नवा आहे, धोका असू शकतो, गुण किती टिकेल तेही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शिलाई कच्ची नाही ना घालणार?" आत नेताना मात्र त्यांनी नानांचा हात घट्ट धरून ठेवला होता, हे नानांनी आम्हाला नंतर सांगितलं.

सुरुवातीचे दिवस नुसत्या पातळ पदार्थांवर गेले. वरणाच्या पाण्याला त्या 'पिवळा चहा' म्हणत. तपासणीला गेल्या की काट्यावर चढण्याआधी बांगड्या, चष्मा, केसातल्या पिनासुद्धा काढून ठेवत. स्वयंपाकाचं माप मात्र जुनंच राहिलं. उरलेलं नानांच्या पानात जाई. अक्का उतरत गेल्या, नाना चढत गेले आणि घराचं एकूण वजन होतं तेवढंच राहिलं. आम्हा शेजाऱ्यांना समोर बसवून त्या शेवभाजी वाढायच्या आणि आम्ही खाताना आमच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या.

हिवाळ्यात मीच त्यांना गाडीने साक्रीकडे नेलं. चढण त्या थांबत थांबत, पण स्वतःच्या पायांनी चढल्या. दारात बसलेल्या बहिणीने आधी ओळखलंच नाही. ओळख पटली तेव्हा तिने अक्कांच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि त्या आजारी आहेत असं समजून रडू लागली. अक्कांनी सगळं समजावलं. तरी बहिणीने पान भरून वाढलं. अक्कांनी चतकोर भाकरी खाल्ली आणि हात आवरला. बहिणीने त्या पानाकडे बघितलं.

"इतलंच?" तिने विचारलं.

अक्कांनी पोटाकडे बोट दाखवलं.

बहिणीने पान झाकून बाजूला ठेवलं. "थोडं थोडं खाय," ती म्हणाली. "बठ्ठं सरनं, मंग जाय."

बठ्ठं, म्हणजे पानातलं सगळं, सरेपर्यंत अक्का तिथेच राहणार होत्या. मी एकटाच परत आलो. बऱ्याच दिवसांनी नानांनी फोन करून कधी येतेस म्हणून विचारलं, तर अक्का म्हणाल्या, अजून सरलं नाही.