पोटाला शिवलेलं बोट

आमच्या घराण्यात अक्कल वडीलकीबरोबर आपोआप येते, असा समज होता. माझे चुलते सगळ्यांत वडील. पुढचं काय ते समजून घ्या.

निजामाच्या अमलातली गोष्ट. जालन्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी कापूस पारखायचो. चिमटीत रुई ओढली की धागा किती लांब, ते माझी उजवी तर्जनी बरोबर सांगायची. तीच एकदा यंत्रात सापडली. टोकाचं मांस गेलं, हाड उघडं पडलं. डॉक्टरांनी बोट कापलं नाही. पोटाचं कातडं एका बाजूनं तसंच जोडलेलं ठेवून उचललं, बोटावर पांघरून शिवलं आणि हात अंगाशी बांधून टाकला. म्हणाले, "एकवीस दिवस. तोवर पोटच या बोटाला रक्त पुरवणार. आधी सोडवलं तर बोट गेलं."

मी जुन्या जालन्यातल्या खोलीवर पडून राहिलो. नवव्या दिवशी भोकरदनहून चुलते आले, सोबत गावचा न्हावी. माझा साखरपुडा परवावर आला होता.

"नारळ वंजळीत घ्यावा लागतो," चुलते म्हणाले. "पोट धरून बसलास तर पाव्हणे म्हणतील, पोरगं रोगी हाय."

"डॉक्टर म्हणले, अजून बारा दिवस..."

"डॉक्टरच्या घरी लगीन हाय का? गळवं फोडण्यात ह्या न्हाव्याचा हात कोणी धरत न्हाई. जल्दी उरकून टाकू."

मला संताप आला होता. पण चुलत्यांपुढे मान हलवायची सवय इतकी मुरलेली, की ती हललीच. त्या मानेची मला आजही लाज वाटते. न्हाव्यानं वस्तरा चालवला.

साखरपुड्यात मी नारळ ओंजळीत घेतला. चुलते मिशीतल्या मिशीत हसत होते. पट्टीखाली कातडं तोवर काळं पडलं होतं. आठवड्यानं डॉक्टरांनी बोट मुळापासून काढलं. जिनात पारख गेली, गाठी मोजायला बसवलं.

लग्नानंतर सासऱ्यांनी बोटाची चौकशी केली. मी सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेऊन बघितला.

"हात पोटाला शिवलाय, हे आम्हाला आधीच कळलं व्हतं," ते म्हणाले. "नारळ मांडीवर ठेवायचं ठरवूनच आल्तो."

चुलते शेजारीच सुपारी कातरत बसले होते. "मंग आधी सांगायचं न्हाई का?" म्हणाले.