मुलासमोरची चौकशी

समोरच्या घरातल्या आजींना मारहाण होते, अशी तक्रार आम्ही शेजाऱ्यांनी केली. हवालदार आले, तेव्हा मी दारातच उभा होतो. भर मे महिन्यात आजींच्या अंगात स्वेटर होता.

"आजी, घरात काही त्रास?"

आजींनी शेजारी बसलेल्या मुलाकडे पाहिलं.

"सांग ना आई, साहेब विचारताहेत," मुलगा हसला.

"छे, सगळे जपतात."

सुनेनं चहा दिला. मारणाऱ्याच्या देखतच विचारायचं, याला आपल्याकडे चौकशी म्हणतात. त्याला क्षणभर बाहेर जा म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. त्याचा मान आधी सांभाळला जातो.

हवालदार उठले. आजींनी त्यांचं मनगट धरलं. "अजून थोडं बसा ना."

मुलानं आईची बोटं एकेक करून सोडवली. हवालदारांनी त्याचे आभार मानले.