सुयांची वही

तिनं ती दोन बोटांत धरून उचलली. मेलेली पाल उचलावी तशी.

बंगळुरातल्या बोम्मसंद्र्याच्या आमच्या गारमेंट फॅक्टरीचं गेट. संध्याकाळची सुट्टी झालेली. बायकांची रांग. गेटजवळच्या टेबलावर प्रत्येकीची पिशवी उलटी करतात. डबा, छत्री, पाण्याची बाटली. मग सिक्युरिटीची अक्का अंगाला हात लावून तपासते. काखेत, कमरेला. रोजचं आहे. रोजच्या गोष्टीचं कुणी काही वाटून घेत नाही.

त्या दिवशी टेबलाशी एचआरच्या मॅडम उभ्या होत्या. पुण्याहून नवीन आलेल्या. माझ्या पिशवीतून डब्याबरोबर सुयांची वही बाहेर पडली.

वही म्हणजे काय ते सांगते. तळहाताएवढी असते. बाहेरून सुती कापड, आत जुन्या लोकरी शालीची चार पानं. पानांत सुया टोचून ठेवायच्या. कडेला एक बटण आणि दोऱ्याचा फास. घरी हौस म्हणून मी असलं बारीकसारीक शिवते. सुयांच्या वह्या, टाचण्यांच्या उशा, कात्रीला म्यान. विकत नाही. कुणाला आवडलं तर देते. ती वही मंगलक्कासाठी नेली होती. मंगलक्का माझ्या शेजारच्या मशीनवर बसते. त्या दिवशी ती आलीच नाही, म्हणून परत घेऊन चालले होते.

"ये कपडा कहाँ का है?" मॅडमनी ती उचलून विचारलं.

वर निळ्या चौकड्यांचं कापड होतं. माझ्या मुलीच्या शाळेच्या जुन्या फ्रॉकचं. नेमके त्या आठवड्यात लाइनवर निळ्या चौकड्यांचे शर्ट चालले होते. पण आमची चौकडी मोठी, त्यांची बारीक. रांगेतल्या कुठल्याही बाईनं लांबूनच सांगितलं असतं.

"मुलीच्या युनिफॉर्मचं आहे मॅडम," मी मराठीत म्हटलं.

मुद्दाम मराठीत बोलले. खरं सांगायचं तर मला आशा वाटली. आमचं घराणं कितीतरी पिढ्या बंगळुरातच. घराबाहेर मराठी बोलायला माणूस मिळत नाही. वाटलं, आपल्या भाषेची बाई आहे, ऐकून घेईल.

तिनं वर पाहिलं. "मराठी आहेस? आडनाव काय?"

मी सांगितलं.

"म्हणजे शिंपी."

"हो."

ती हसली. मग हळू आवाजात म्हणाली, "तरीच. चिंध्या उचलायची खोड तुमच्या लोकांच्या रक्तातच असणार."

मागे साठेक बाया उभ्या होत्या. एकीलाही कळलं नाही. कन्नडमध्ये ओरडली असती तर सगळ्यांना कळलं असतं. हे फक्त माझ्यासाठी होतं. आई ज्या भाषेत जेवायला हाक मारायची, त्या भाषेत.

मग तिनं पानं उलटली. सात सुया होत्या. "आणि या कंपनीच्या सुया."

आमच्याकडे सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे दाखवल्याशिवाय नवी मिळत नाही. मशीनच्या सुईचं नेढं टोकाशी असतं आणि वरचा दांडा जाड. हाताच्या सुईचं नेढं दुसऱ्या बाजूला. शेंबड्या पोराला कळेल. शिवणाच्या फॅक्टरीत माणसं घेणाऱ्या आणि काढणाऱ्या बाईला सुई ओळखता येत नव्हती. मी सांगायला तोंड उघडलं. तोवर तिनं वही पुढे सरकवली होती.

"अंदर क्या है, देखो," ती सिक्युरिटीच्या अक्काला म्हणाली.

अक्का माझ्याकडे बघत स्वल्प थांबली. मग तिनं कात्री लावून अस्तर उसवलं. टाके तुटताना आवाज होत नाही. आत काहीच नव्हतं. तरी वही मॅडमकडेच राहिली.

मला काही वाटलं नाही. बस आली. बसले. घरी जाऊन जेवणाला सारू, म्हणजे आमटी केली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावलं. एक इंग्रजी कागद पुढे केला. मला इंग्रजी वाचता येत नाही. काय लिहिलंय, विचारलं.

"तू कंपनीचा माल नेलास, त्याबद्दल माफी मागतेस. सही कर. विषय संपला."

मी सही केली.

का केली? नंतर कितीतरी वेळा स्वतःला विचारलं. कुणी धमकी दिली नव्हती. हातात पेन दिलं, हात चालला. अकरा वर्षं तो असाच चालतो. पुढ्यात येईल ते शिवतो.

अकरा वर्षं मी कॉलर लावते. फक्त कॉलर. बाही दुसरीकडे, काज तिसरीकडे. शर्ट माझ्यापुढे येतो तेव्हा अर्धा असतो, जातो तेव्हाही अर्धाच. माझ्या अप्पांचं पेठेत छोटं दुकान होतं. ते माप घ्यायचे, कापायचे, शिवायचे, इस्त्री करून हातात द्यायचे. मला फॅक्टरीत आखा शर्ट शिवायला कधी मिळाला नाही. आणि म्हणूनच ती हौस होती. वही मी कापायची, मीच पानं जुळवायची, बटणही मीच लावायचं. शेवटची गाठ मारली की वस्तू पुरी. माझ्या हातची एक तरी वस्तू पुरी.

त्या सहीनंतर मी शिवायचं सोडलं. ठरवून नाही. चिंध्यांचा डबा उघडावासा वाटेना. मुलीनं विचारलं, "आई, हल्ली शिवत का नाहीस?"

"डोळे दुखतात," मी म्हटलं.

तिला काही सांगितलं नाही. तिच्याच फ्रॉकचं कापड होतं ते. कसं सांगायचं?

असे चार-पाच महिने गेले. मग एक दिवस मॅडमनी पुन्हा बोलावलं. या वेळी खुर्ची दिली. चहा मागवला. टेबलावर माझी वही होती. अस्तर तसंच लोंबत होतं.

"अगं, परदेशातून पाहुण्या आल्या होत्या ना, आपले शर्ट घेतात त्या. त्यांना हे फार आवडलं. किती क्यूट म्हणाल्या! पुढच्या महिन्यात त्यांची सगळी टीम येतेय. आपण प्रत्येकाला एकेक देऊ. दोनशे लागतील. सोबत कार्ड ठेवू, आमच्या कामगार भगिनींनी हौसेनं बनवलेली भेट."

मी चहाकडे बघत होते. वर साय धरायला लागली होती.

"आणि एकटीनं नको करूस हं. लाइन लावू. एक जण कापेल, एक जण पानं लावेल, एक जण बटण. तू फक्त कडा शीव."

तू फक्त कडा शीव.

पाय बधिर होतो आणि मग त्यात मुंग्या येतात, तसं काहीतरी झालं. राग म्हणता येणार नाही. राग पुष्कळ नंतर आला. एवढंच कळलं की आता ही वहीसुद्धा अर्धी होणार.

"मॅडम, ही चोरीची आहे ना?" मी विचारलं.

"अगं, ते जुनं झालं."

"माझा माफीचा कागद फाइलला आहे. चोरीचा माल पाहुण्यांना कसा द्याल?"

तिचा चेहरा बदलला. "मराठी माणूस म्हणून तुला इतकं समजावतेय. नाहीतर मला काय गरज? उद्या फ्लोअरवर येते. तोवर विचार कर."

दुसऱ्या दिवशी ती आली. बरोबर प्रॉडक्शन मॅनेजर. लाइन थांबवली. पंखे तेवढे फिरत राहिले. मॅनेजरनं माझ्याकडे बोट करून सगळ्यांना सांगितलं की एक खास काम आहे आणि ते अक्का शिकवणार आहेत. मॅडम माझ्या मशीनशी वाकून हळूच म्हणाली, "मग? ठरलं ना?"

मी उभी राहिले. मंगलक्कानं माझ्या पदराला हात घातला. "सुम्ने कूतको," ती पुटपुटली, गप बस.

"नानु माडल्ला," मी म्हटलं. मी करणार नाही. कन्नडमध्ये. मोठ्यानं.

मग सगळंच बोलले. वही कुणाच्या फ्रॉकची होती. सुया हाताच्या होत्या. न केलेल्या चोरीची माफी मी लिहून दिली. आणि गेटवर मला मराठीत काय म्हटलं होतं, तेही. त्या वाक्याचा शब्दन् शब्द कन्नडमध्ये करून सांगितला. "खोड" या शब्दापाशी मी अडखळले. कन्नड शब्द लवकर सापडेना. साठ बाया तो सापडेपर्यंत थांबल्या.

मॅडमला कन्नड येत नव्हतं. ती मॅनेजरकडे बघत होती. तो जमिनीकडे.

टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. मंगलक्कानं पदर सोडला. "सरी," बरोबर, एवढंच म्हणाली. मग कुणीतरी मशीन सुरू केली आणि एकेक करत सगळ्या सुरू झाल्या.

त्या दोनशे वह्या झाल्या नाहीत. बाकीच्यांनाही विचारलं होतं. कुणालाच येत नव्हत्या, असं सगळ्यांनी सांगितलं. खरं तर निम्म्यांना मीच शिकवल्या होत्या. माझी वही मात्र परत मिळाली नाही, माफीचा कागदही नाही. कागद मागायला गेले तर फाइल सापडत नाही म्हणाले.

तिसऱ्या दिवशी माझी मशीन काढून घेतली. आता मी धागे कापते. तयार शर्टांचे लोंबणारे धागे, दिवसभर उभ्यानं. संध्याकाळी पाय सुजतात. मुलीला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर तिनं गरम पाण्याची बादली आणून माझ्या पायाशी ठेवली.

चिंध्यांचा डबा पुन्हा काढला आहे. डोळे दुखत नाहीत.

गेल्या महिन्यात सुपरवायझर नवा कागद घेऊन आला. इंग्रजीच. मी म्हटलं, कन्नडमध्ये आणा. एकदा परत गेला, दोनदा गेला, शेवटी आणला. मी उभ्यानंच वाचला. "मला मशीनचं काम झेपत नाही, म्हणून माझ्या स्वतःच्या विनंतीवरून मला धागे कापायला पाठवलं आहे." खाली माझं नाव आणि सहीची जागा.

"हे मी कधी म्हटलं?" मी विचारलं.

"फॉर्मॅलिटी आहे अक्का. नाहीतर पुढे त्रास होईल."

मी कागद त्याच्या हातात परत दिला. दर सोमवारी तो तोच कागद आणतो. दर वेळी मी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचते. घाई करत नाही. तो पेन पुढे धरून उभा राहतो. आजूबाजूच्या पोरी कात्र्या थांबवून बघतात. दोघी-तिघींनी आता विचारायला सुरुवात केली आहे की अक्का, आम्ही भरती होताना कशावर सह्या केल्या होत्या?

काम जाईल. कदाचित लवकरच. मग होसकोट्याला जाईन, येलहंक्याला जाईन, शिवणारे हात कुठेही लागतात. पण मी जे केलं नाही ते केलं म्हणून, आणि जे मागितलं नाही ते मागितलं म्हणून, माझं नाव यापुढे कुठल्याही कागदावर येणार नाही.

उद्या सोमवार आहे. तो पेन पुढे करील. करू दे.