वर जाताना जास्त, खाली येताना कमी

माझा संशय पहिल्या दिवसापासून प्रयोगशाळेतल्या आमच्या मदतनिसावरच होता. दक्षिणेतल्या किनाऱ्यावरून सुटलेल्या रॉकेटमधून आमचा दाबमापक वातावरणाच्या वरच्या थरात जाऊन आला होता, आणि आकडे जुळत नव्हते. एकाच उंचीवर वर जाताना दाब जास्त, खाली येताना कितीतरी कमी. पाच-सात मिनिटांत हवा इतकी बदलत नसते. म्हणजे मापकाला कुणीतरी हात लावला होता, आणि तो उघडून पुसायचं काम त्याचं होतं.

नव्वदच्या दशकात बनारसच्या त्या प्रयोगशाळेत आम्ही दोघंच मराठी. मी मंगला गौरीच्या देवळाजवळच्या भटजींच्या घरातली, तो रेल्वेतल्या बाबूचा मुलगा, माझ्याहून चार वर्षांनी लहान, हंगामी नोकरीवर. तोंडात सतत पान. यंत्राला उघड्या बोटाने शिवायचं नाही, हा आमच्याकडे सोवळ्यापेक्षा कडक नियम. मी त्याच्या बोटांवर पानातला कात दिसतो का, तेच बघत बसायचे. शेवटी आमच्या प्रमुख सरांना सांगितलंच, "त्याच्या हाताला स्वच्छता नाही." त्याला कायम करायची शिफारस सर त्याच आठवड्यात लिहिणार होते, हे मला ठाऊक होतं.

दोन दिवसांनी तो आलेखाचे कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. मापक ठीक होता, असं त्याचं म्हणणं. वर निर्वातात गेल्यावर उपकरणांच्या पेटीला चिकटलेले वायू सुटतात, तिच्याभोवतीच रेंगाळतात, आणि मापक बाहेरच्या हवेबरोबर तेही मोजतो. ट्रंकेतली साडी नेसून लग्नाला गेलं की आधी तासभर आपल्याला डांबरगोळ्यांचाच वास येतो, तसं. परतेपर्यंत तो उडून गेलेला असतो. मला हे पटलं, आणि पटल्याचा रागही आला.

"पण इतका वायू आला कुठून?" मी विचारलं. "पेटी तर तू पुसली होतीस."

"ताई, नाराज नका होऊ," तो हळूच म्हणाला. "पेटी रवाना करायच्या दिवशी तुम्ही आतून स्वस्तिक काढलंत ना, मापकाच्या बगलेला. ते कुंकू तेलातलं होतं, आणि निर्वातात तेलाची वाफ सुटत राहते."

काढलं होतं. आईने डबी दिली होती. आमच्याकडे नवी वस्तू कुंकू लावल्याशिवाय कामाला लागत नाही. पाण्यातलं टिकणार नाही म्हणून तेलात कालवायची अक्कल माझी. आणि दीड महिना मी त्याची बोटं तपासत होते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"तू तेव्हाच का नाही बोललास?"

"तुमच्या आईंनी दिलेलं होतं. पुसायची हिंमत नाही झाली."

मी तडक सरांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शिफारशींची यादी सकाळीच वर गेली होती. त्यात त्याचं नाव नव्हतं, आणि आता ते घालता येणार नव्हतं.

मार्चअखेर त्याची मुदत संपली. जाण्याआधी त्याने सगळे आलेख फायलीत नीट लावून माझ्या हातात दिले. मी सरांकडे काय बोलले होते ते तोवर सगळ्यांना कळलं होतं, त्यालाही. मनातून तो मला शिव्या देत असणार, असा मला आजही संशय आहे. तोंडावर दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी कुंकू बाहेरून लावा."