मांडीवाले डॉक्टर

आमच्या डॉक्टरांना खुर्चीवर पाय सोडून बसलेलं कुणी पाहिलं नाही. दवाखान्यात आले की धुळीनं माखलेले बूट टेबलाखाली ढकलायचे, दोन्ही पाय वर घ्यायचे आणि त्या सरकारी खुर्चीत मांडी घालायची. पंगतीला बसल्यासारखा बसलेला हा माणूस आपला डोळा कापणार, या विचारानं नवा पेशंट आधीच अर्धा व्हायचा. वैनगंगेच्या काठच्या आमच्या गावात त्यांचं खरं नाव पोस्टमन सोडून कुणाच्या लक्षात राहिलं असेल असं मला वाटत नाही. सगळ्यांचे ते मांडीवाले डाक्टर.

माणूस थकलेला होता. स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती, नवीन दवाखाना उघडला होता, आणि साऱ्या मुलखात डोळा कापणारे हे एकटे. उन्हाळ्यात घाम आणि धूळ, पावसाळ्यात चिखल, म्हणून मोतीबिंदू काढायचा तो हिवाळ्यात. धान निघालं की गडचिरोलीकडून, जंगलाच्या आतल्या गावांतून बैलगाड्या येऊ लागत. त्यांना पाहून डॉक्टर म्हणत, "आले. आता माझी पोपटपंची सुरू." आणि खरोखरच तीच वाक्यं त्यांना रोज सांगावी लागत. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पडदा नव्हे, आतलं भिंगच दुधाळ होतं. मध घालून, पाला पिळून ते जात नाही, काढावंच लागतं. पण डोकं ठणकत असेल, डोळा लाल होत असेल, दिव्याभोवती रंगीत कडं दिसत असेल, तर पिकायची वाट पाहत घरी बसू नका. तो काचबिंदू, त्यात गेलेली नजर परत येत नाही. लोक मान डोलवायचे आणि मग विचारायचे, "मंग मध कोणता घालू जी?" डॉक्टर डोळे मिटून घ्यायचे, आणि पहिल्यापासून सुरू करायचे. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, त्यामुळे त्यांचं दुःख मला बरोबर कळायचं.

माझी त्यांच्याशी ओळख आईमुळे झाली. आईचा डावा डोळा बाजारात बसणाऱ्या एका सुईवाल्यानं घालवला होता. त्यानं सुईनं मोती आत ढकलला, आईला तिथल्या तिथं बोटं दिसली, आम्ही त्याला हौसेनं नवं धोतर न् धान दिलं. तो पुढच्या बाजाराला गेला आणि इकडे डोळा दुखून दुखून विझला. आता उजव्यातही मोती पिकला होता. डॉक्टरांनी बॅटरी मारून आधी विझलेला डावा पाहिला, नंतर उजवा. मग म्हणाले, "बाई, एकच राहिला आहे. आता चुकायला जागा नाही. ना मला, ना तुम्हाला."

आईची चूक कुठून होणार हे मला आधीच ठाऊक होतं. तिला वाकायचा नाद होता. देव दिसला वाक, पाहुणा दिसला वाक, गाईला वाक, उंबरठ्याला वाक. त्यात तिनं नवस बोलून ठेवला होता, की डोळा आला तर शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत लोटांगण घालीन. डॉक्टर म्हणाले, "लोटांगण पुढच्या वर्षी. यंदा देवाला उभ्यानं नमस्कार."

"देव कोपला म्हंजे?"

"माझं नाव सांगा."

ऑपरेशन झालं. हल्ली सकाळी गेलेला माणूस काळा चष्मा लावून दुपारी घरी जेवायला येतो. तेव्हा तसं नव्हतं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि उताणं पडून राहायचं. कूस बदलायची नाही. चावायचं नाही, म्हणून पातळ पेज. तंबाखू बंद, कारण ठसका आला तर संपलं. शिंक आलीच तर तोंड उघडं टाकून. कुंथायचं नाही, रडायचं नाही. शाळा सुटली की मी पेज भरवायला जाई. आई म्हणायची, "मुडद्यावानी पाडून ठेवलं मले. तुले काई वाटते का नाई?" मला वाटायचं, खूप वाटायचं, पण दिवसभर पोरींपुढे ओरडून आल्यावर ते बोलायची ताकद नसायची. आम्ही मायलेकी त्या खाटेवर जितकं भांडलो तितकं जन्मात भांडलो नाही.

अशाच एका दुपारी आई झोपल्यावर मी डॉक्टरांना सरळ विचारलं, "लोक म्हणतात, तुम्ही शिष्ट आहात. कुणाला पाया पडू देत नाही. म्हणूनच का ही मांडी?"

"लोक बरोबर म्हणतात, मास्तरीणबाई. शिष्ट होतो मी." त्यांनी टेबलावरचा थंड झालेला चहा उचलला आणि न पिता परत ठेवला. "नवा नवा डॉक्टर होतो, दुसऱ्या गावी. एका म्हाताऱ्याची पट्टी सोडली. त्याला सून दिसली, खिडकीबाहेरची चिंच दिसली. तो हसला आणि माझ्या पाया पडायला वाकला. वाकायचं नाही, हे मी त्याला कितीदा तरी सांगितलं होतं. पण त्या वेळी मी त्याला धरलं नाही. उलट त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बरं वाटलं हो मला. जखम ओली होती, ती उघडली. उठला तो डोळा दाबूनच उठला."

"मग?"

"मग काही नाही. देवाची मर्जी म्हणाला, आणि सुनेच्या खांद्यावर हात ठेवून घरी गेला. मला एक शब्द बोलला नाही. तेव्हापासून पाय खाली सोडायची हिंमत होत नाही."

मला त्यांची फार कीव आली. मी पेजेचं भांडं घासायला घेऊन गेले.

पट्टी सोडायच्या दिवशी डॉक्टर मांडी घालूनच बसले होते. आईनं डोळा उघडला. आधी तिला उजेड दिसला, मग मी. "काऊन एवढी वाळली तू?" हे तिचं पहिलं वाक्य. आणि मला उत्तर सुचायच्या आत तिची पाठ सवयीनं वाकू लागली. डॉक्टरांनी पुढे झुकून तिची हनुवटी खालून धरली आणि अख्खा वॉर्ड दचकेल असे ओरडले, "बाई! मान वर!" आई तशीच ताठ उभी राहिली, पण तिला ते झोंबलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "देव बी पाय लपवत नाई, हे काऊन लपवते?"

मी तिला म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. शिवरात्रीला मार्कंड्यात सगळी जत्रा लोटांगणं घालत असताना माझी आई देवासमोर हात जोडून ताठ उभी होती. पुढे जाड भिंगांचा चष्मा आला. त्यातून जमीन वर आल्यासारखी दिसायची, म्हणून ती सपाट अंगणातही पाय उचलून उचलून चालायची आणि स्वतःच हसायची.

डॉक्टर मात्र दर हिवाळ्यात आणखी वाळत गेले. हिवताप अंगात मुरला होता, हात पूर्वीसारखा स्थिर राहत नव्हता. एक दिवस म्हणाले, "थरथरणाऱ्या हातानं लोकांचे डोळे कापू नयेत," आणि नागपूरला भावाकडे जायचं ठरवलं.

मोटारस्टँडवर खूप लोक आले होते. जाड चष्म्यांची रांगच होती. कुणी वाकलं नाही. सगळे हात जोडून, मान वर करून उभे, जसं त्यांनी शिकवलं होतं तसे. डॉक्टर मोटारीत पुढच्या सीटवर, उघड्या दाराशी बसले होते, बूट खाली, पाय वर, मांडी घातलेली. आई गर्दीतून पुढे गेली.

"डाक्टर, धानाचे दोन रोवणे केले म्या. दिवसभर वाकून रोपं लावले. डोळ्याले काई झालं नाई. आता त् पाय सोडा."

डॉक्टरांनी तिचा चष्मा काढला, अंगठ्यानं पापणी वर केली, बराच वेळ पाहिलं. "जखम पक्की आहे," ते हळूच म्हणाले. मग चष्मा परत तिच्या नाकावर बसवला आणि एकेक करून दोन्ही पाय खाली सोडले. आई वाकली. त्यांचा हात तिच्या डोक्याकडे गेला नाही. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते.

आई उठली. त्यांनी विचारलं, "दिसतं ना नीट?"

"दिसते ना जी. किती भेगा पडल्या तुमच्या टाचायले. तेल लावत जा."

डॉक्टरांनी मान हलवली. मोटार निघाली तेव्हा त्यांचे पाय खालीच होते.